आधी वही भर, मग साहेबांची वेळ घे

वाचकाचं पत्र:

ताई, मी २७ वर्षांची आहे. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झाल्यावर तीन वर्षांपासून सोलापूरजवळच्या एका निवासी शाळेच्या क्रीडा अकादमीत काम करते. कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स आणि फुटबॉल मिळून १८० मुलंमुली आहेत आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याला मी एकटी. पहाटे साडेपाच ते साडेआठ मैदानावर, अकरा ते एक खोलीत, पुन्हा चार ते साडेसात मैदानावर. ऑर्डरवर पद ‘क्रीडा सहायक’ लिहिलंय. मानधन २२ हजार, त्यातले १० टक्के कापून हातात १९,८०० पडतात. पीएफ नाही. दर मे महिन्यात ब्रेक देतात, पण उन्हाळी शिबिराला बोलावतात आणि त्याचे पाच हजार रोख देतात. तीन वर्षांत एकदाच हजार रुपये वाढले. आता जिमसाठी नवा ट्रेनर २८ हजारांवर घेतलाय. पुण्यातल्या मैत्रिणीला ३२ मिळतात. मी रविवारी घरोघरी जाऊन पेशंट बघते, एका वेळचे ४०० घेते. २५ हजार मागावेत असं वाटतं, पण साहेबांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. विड्या वळणारी माझी आई म्हणते, आहे ती नोकरी कशाला बिघडवतेस. त्यात मागच्या एप्रिलमध्ये एक मुलगा धावताना पडला आणि असंबद्ध बडबडायला लागला. सर म्हणत होते आधी गाडीत घाला, मी त्याला आधी बर्फाच्या टबात बसवलं. मुलगा बरा झाला, पण सर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. तेव्हापासून तर बोलायची भीतीच वाटते. काय करू?

– फिजिओ मॅडम, सोलापूर

प्रिय फिजिओ मॅडम,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटाशी थांबले. आपली चूक सांगावी तसं तू टबाचं सांगितलंयस. बाई, त्या दिवशी त्या मैदानावर काय करायचं हे बरोबर कळलेली तू एकटी होतीस.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. सोलापूरच्या उन्हात पळता पळता एखादं पोर पडलं आणि भलतंसलतं बोलायला लागलं, तर तो उष्माघात समजायचा. शरीराचं आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं शिजायला लागलेली असतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात ते तापमान किती उतरलं यावर पोराचं पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून जगभर खेळाच्या वैद्यकात एकच शिकवतात: आधी गार करा, मग हलवा. १०८ला फोन लगेच लावायचा, पण गाडी येईपर्यंत मूल बर्फाच्या पाण्यात, मान वर, काखेत हात घालून कुणीतरी धरलेलं, आणि दुसऱ्याने पाणी ढवळत राहायचं. तापलेल्या गाडीत घालून गर्दीतून दवाखाना गाठण्यात तीच वीस मिनिटं जातात. तू ती वाचवलीस. सर घाबरले म्हणून ओरडले असतील, ते समजू शकते. पण ही घटना तू लपवून ठेवू नकोस. तुझ्या पगाराचं बोलणं इथूनच सुरू होणार आहे.

आता आईकडे वळू. तिला म्हणावं, ताई तुम्हालाच पुढे करतेय. तुझी आई विड्या न मोजता कारखान्यात देईल का कधी? पान-तंबाखू किती दिला, विड्या किती झाल्या, तपासणीत किती बाद केल्या, हजारी दराने पैसे किती झाले, हे तिला तोंडपाठ असणार. शंभराचा जरी घोळ झाला तरी ती तिथेच उभी राहून विचारत असेल. मजुरी हिशोबावर मागायची हे तुझ्या घरात आहेच. आणि मागितल्याने बिघडतं म्हणावं, तर सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मागत राहून, मोर्चे काढूनच मिळवली. २००६ मध्ये त्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

आईची विडी मोजता येते, तुझं काम मोजता येत नाही, ही खरी अडचण आहे. तू चांगलं काम केलंस की काहीच घडत नाही. घोटा मुरगळत नाही, मुलगी जिल्ह्याच्या सामन्यातून बाहेर बसत नाही, पालकाचा रात्री फोन येत नाही. न घडलेल्या गोष्टीचे पैसे कोण देणार? साहेबांना त्यांच्या खोलीतून दिसतं ते एवढंच, की एक मुलगी मैदानाच्या कडेला टेप गुंडाळत बसलेली असते.

म्हणून साहेबांची वेळ घ्यायच्या आधी एक वही कर. दोनशे पानी, आडव्या रेघांची, कुठल्याही दुकानात मिळणारी. तारीख, खेळ, मुलगा की मुलगी, वय, काय लागलं, कधी लागलं (सरावात, सामन्यात की जिममध्ये), तू काय केलंस, किती दिवस खेळ बंद ठेवला, डॉक्टरकडे पाठवलं का, परत कधी उतरवलं. मागची तीन वर्षं आठवून लिहू नकोस, त्यात चुका होतील आणि एक चूक सापडली की सगळी वही खोटी ठरते. तुझ्या फोनमधले मेसेज, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, स्पर्धांच्या याद्या यांतून जेवढं खात्रीने निघेल तेवढंच मागचं लिही. आजपासूनचं मात्र रोजच्या रोज, संध्याकाळी साडेसातला मैदान सोडायच्या आधी.

सहा आठवडे लिहिलंस की तुझं तुलाच नवल वाटेल. खो-खोच्या मुलींचे खांबापाशी सूर मारताना सोलवटलेले गुडघे किती, कबड्डीत पकड करताना मुरगळलेले घोटे किती, ‘नडगी दुखते’ म्हणत सकाळी सकाळी येणारी धावपटू पोरं किती, ते दिसेल. त्यातली किती जणं तू मैदानावरच बरी केलीस आणि किती जणांना एक्स-रेला पाठवावं लागलं, हेही दिसेल. साहेबांना हवा आहे तो हाच आकडा. फुटबॉलच्या मुलांना तू फिफाचा ‘११+’ वॉर्म-अप देत असशील तर तेही लिही. वीस मिनिटांच्या त्या व्यायामाने दुखापती साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. देत नसशील तर सुरू कर. फक्त ‘माझ्यामुळे इतके गुडघे वाचले’ असा दावा करू नकोस. ते सिद्ध होत नाही, आणि तुझी बाजू भक्कम असताना त्याची गरजही नाही.

एक काळजी घे. मुलांची नावं त्या वहीतच राहू देत. साहेबांना दाखवायचा तो एका पानाचा गोषवारा, नुसत्या संख्यांचा. पोरांची दुखणी ही त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची गोष्ट आहे, तुझ्या पगारासाठी ती कुणासमोर उघडायची नाहीत.

आता पैशाचं बोलू. तू म्हणतेस पगार २२ हजार. अकरा महिन्यांचे २ लाख ४२ हजार, वर शिबिराचे पाच, म्हणजे वर्षाला २ लाख ४७ हजार. बाराने भाग. महिन्याला २०,५८३ रुपये पडले. तुझा खरा पगार हा आहे. रोजचे साडेआठ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर तासाला शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत, रविवारचे सामने सोडून. घरी जाऊन बघितलेल्या पेशंटचे ४०० तू याच्याशी ताडून बघशील, पण तो हिशोब साहेबांसमोर काढू नकोस. त्यात जाणंयेणं आहे, कधी काम असतं कधी नसतं, आणि ते चटकन म्हणतील, मग तेच करा. तो आकडा तुझ्या मनाच्या बळासाठी ठेव.

तुझ्या मागणीत मला खटकलं ते हे. २५ हजार मागशील, ते दिलेही जातील, आणि मेचा ब्रेक तसाच राहील. मग वर्षाचे होतील २ लाख ८० हजार. त्याऐवजी २४ हजार पण बारा महिने मिळाले तर २ लाख ८८ हजार होतात. म्हणजे कमी आकड्यात जास्त पैसे. शिवाय वर्ष सलग धरलं जातं, त्याचे फायदे वेगळे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसालाही एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर त्या वर्षाच्या एक महिना आधी संपते. म्हणून तुझी पहिली मागणी आहे मे महिना.

दुसरी मागणी पदाची. ‘क्रीडा सहायक’ म्हणजे बॉल गोळा करणारा आणि फक्की मारणारा माणूस, असं ऑफिसात कुणीही समजेल. आणि तू स्वतःला नुसतं ‘ट्रेनर’ म्हणवलंस तर सोलापुरात जिमचा ट्रेनर समजतात. हा घोळ अमेरिकेतही आहे, जिथे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्यांसाठी अ‍ॅथलेटिक ट्रेनर हा शब्द रूढ झाला. तिथे त्यांची राष्ट्रीय संघटना १९५०ची आणि १९९०मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने हे आरोग्यसेवेतलं काम म्हणून मान्य केलं, तरी त्यांना अजून सांगावं लागतं की आम्ही वजनं उचलायला शिकवणारे नाही. तुझ्याकडे तर पदवी आहे. महाराष्ट्रात भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, परिषद २००२च्या कायद्याने आहे, केंद्राच्या २०२१च्या कायद्यातही फिजिओथेरपिस्टचा व्यवसाय नावाने आहे. तुझा नोंदणी क्रमांक अर्जावर मोठ्या अक्षरात घाल आणि ऑर्डरवर ‘क्रीडा फिजिओथेरपिस्ट’ हे पद माग. याला संस्थेचा एक रुपया लागत नाही. उद्या तू दुसरीकडे गेलीस तर अनुभवाच्या दाखल्यावर हेच पद येईल.

तिसरी, ‘मानधन’ काढून ‘पगार’. १० टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापतात म्हणजे तुला बाहेरची व्यावसायिक धरलंय. पण हजेरी तेच घेतात, वेळ तेच ठरवतात, रजाही तेच देतात. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. पगाराची कमाल मर्यादा १५ हजार धरून मालकाचा १२ टक्के वाटा काढला तरी महिन्याला १,८०० रुपये होतात. मात्र १५ हजारांच्या वर पगारावर नव्याने लागलेल्या माणसाला पीएफ द्यायची सक्ती नसते, म्हणून ते हक्क म्हणून नको, मागणी म्हणून माग. आणि कापलेले २,२०० तू परत घेतेस का? ते पत्रात लिहिलं नाहीस. एवढ्या उत्पन्नावर तुला कर लागत नाही. रिटर्न भरलं की वर्षाचे २४,२०० परत येतात. नव्या पेठेत किंवा सात रस्त्याला कुठल्याही कर सल्लागाराकडे या आठवड्यात जा. साहेब हो म्हणोत की नाही, हे पैसे तुझे आहेत आणि जितकं लांबेल तितकं अवघड होत जातं.

मग आकडा. ३० हजार माग, बारा महिन्यांचे. २८ला आनंदाने हो म्हण. २६च्या खाली, तेही बारा महिने आणि पद मिळाल्याशिवाय, हो म्हणू नकोस. हे तीन आकडे कागदावर लिहून आईला दाखव. तिथे लिहिलेलं असलं की ऐन वेळी चहाच्या कपाशी मन विरघळत नाही. (२५ हजारांच्या वर गेलीस की महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जाईल, त्याने दचकू नकोस.)

माझं एक सांगते. मी तुझ्याएवढी असताना एका दवाखान्यात नोकरीला होते, आणि वाढ मागायला गेले तेव्हा आईच्या ऑपरेशनचं सांगितलं. मला वाटलं, खरी गरज ऐकून ते समजून घेतील. समजून घेतलंच त्यांनी. पाच हजारांची उचल दिली, वर धीर दिला, आणि ती उचल पुढचे दहा महिने माझ्या पगारातून कापली. माझा पगार होता तिथेच राहिला. घरची अडचण सांगितली की समोरचा अडचणीवर उपाय करतो. कामाचं मोल करायचं त्याच्या डोक्यातच येत नाही. तेव्हा आईचे दुखरे हात, घरभाडं, लग्न, यातलं काहीही त्या खोलीत नेऊ नकोस.

जायचं कधी? संस्थेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतं, जूनच्या प्रवेशांची पत्रकं त्याच सुमारास छापायला जातात. आपली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आताच उरकलीय, म्हणजे वही भरायला तुला जेमतेम सहा आठवडे आहेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेळ घे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी किंवा शिबिर तोंडावर आल्यावर अडवून मागू नकोस. त्याने पैसे मिळाले तरी ते मनात राहतं, आणि पोरं मधल्या मध्ये अडकतात.

आणि आधी क्रीडा विभागाच्या सरांना भेट. तेच, ओरडलेले. त्यांना डावलून वर गेलीस तर ते साहेबांसमोर गप्प बसतील, आणि त्यांचं गप्प बसणं तुला महागात पडेल. त्यांना म्हण, ‘सर, मागच्या एप्रिलसारखं परत होऊ नये म्हणून मी उन्हाळ्याचं एक पान तयार केलंय, बघता का?’ त्या पानावर लिही: नवीन आलेल्या मुलांना उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर सराव हळूहळू वाढवायचा, एप्रिल-मेमध्ये सकाळचा सराव किती वाजता संपवायचा, टब कुठे, बर्फ कुठून, कोण धरणार, कोण १०८ला फोन करणार. वाद घालू नकोस, त्या दिवशी कोण बरोबर होतं ते काढू नकोस. पान वाचलं की त्यांना कळेल. मग वाढीचं सांग आणि विचार, तुम्ही माझ्याबद्दल साहेबांशी दोन शब्द बोलाल का. मला वाटतं बोलतील.

साहेबांच्या खोलीत दहा मिनिटांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. त्यांना काळजी आहे ती प्रवेशांची, पालकांची आणि स्पर्धेतल्या नावाची. म्हणून सुरुवात अशी कर: ‘साहेब, आपल्याकडे मुलाला ठेवायला आलेले पालक पहिलं विचारतात, लागलं तर बघायला कोण आहे? तीन वर्षं ते मी बघते. सहा आठवड्यांत काय काय बघितलं, ते या पानावर आहे.’ पान त्यांच्या हातात दे आणि वाचू दे. वाचत असताना बोलू नकोस. मग एप्रिलचं दोन वाक्यांत सांग, त्यानंतर उन्हाळ्याचं पान, आणि मग मागणी: ‘जूनपासून बारा महिन्यांची ऑर्डर, क्रीडा फिजिओथेरपिस्ट हे पद आणि ३० हजार पगार, अशी माझी विनंती आहे.’ एवढं म्हणून थांब. पुढे जो शांतपणा येईल तो तुला जड जाईल. ‘म्हणजे तुम्हाला जमेल तसं बघा’ हे वाक्य तिथेच जिभेवर येतं. आलं तरी गिळ. आईला समोर बसवून हे चार वेळा मोठ्याने म्हणून बघ, तिला साहेब होऊन ‘बघू की’ म्हणायला सांग.

कारण ‘बघू’ येणारच. त्यावर रागावायचं नाही, आणि उठायचंही नाही. ‘हो साहेब, कधीपर्यंत विचारायला येऊ?’ तारीख घे. आणि जाताना लेखी अर्ज ऑफिसात दे, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ये. तोंडी बोलणं पुढच्या मीटिंगपर्यंत विसरलं जातं, आवक नोंदवहीतला अर्ज मीटिंगच्या फायलीत जातो.

जिमच्या मुलाचा पगार मात्र काढू नकोस. तो तुला कुणीतरी कानात सांगितलेला आकडा आहे, आणि त्याचं नाव निघालं की बोलणं तुझ्यावरून त्याच्यावर जाईल. बाई म्हणून सारख्या कामाला कमी पैसे देता येत नाहीत, हा कायदा १९७६पासून आहे आणि आता तो वेतन संहितेत आलाय. पण त्याचं आणि तुझं काम सारखं नाही. तुझं जास्त जबाबदारीचं आहे, आणि तेच तू पद मागून दाखवते आहेस. पुण्याच्या ३२ हजारांचंही तसंच. ते म्हणतील, सोलापुरात पुण्याचा पगार कसा देऊ. साधं उत्तर दे: ‘पुण्याचा मागत नाही साहेब. पण माझ्या जागी पदवी असलेलं माणूस बाहेरून आणायचं तर त्याला राहायची सोयही द्यावी लागेल, आणि ही १८० मुलं ओळखायला त्याला वर्ष जाईल.’ हातात नसलेली नोकरी हातात आहे असं सांगू नकोस. सोलापूर लहान आहे.

आणि नाहीच म्हणाले तर? पैसे नाहीत म्हणाले तर पद आणि मे महिना तरी माग, आणि पगारासाठी सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं असं लेखी घे. तेही नाकारलं तर मला तुझं पुण्याला जाणं चुकीचं वाटत नाही. तिथलं भाडं आणि खानावळ वजा करून ३२मधले किती उरतात ते आधी मांड, मैत्रिणीला स्पष्ट विचार. तीन वर्षं एकटीने १८० पोरं सांभाळलेल्या मुलीला काम मिळेल. राजीनामा मात्र दुसरी ऑर्डर हातात पडल्यावरच, आणि अनुभवाचा दाखला घेऊन.

राहिलीस किंवा गेलीस, एप्रिलच्या आत एक काम तेवढं कर. ते उन्हाळ्याचं पान मोठ्या अक्षरात लिहून टबाच्या वरच्या भिंतीला चिकटव. बर्फाच्या कारखान्याचा फोन नंबर त्यावर घाल. आणि कबड्डीच्या दोन मोठ्या मुलांना काखेत हात घालून कसं धरायचं ते एकदा करून दाखव.

तुझी,
ताई